मीटिंगमधला दुसरा सदू

१. दाराबाहेरचा माणूस

सदू ठोंबरे एकाच वेळी दोन ठिकाणी होते.

एक सदू ठोंबरे साजगावच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कंपनीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये, पडद्यावरच्या चौकोनात, पहिल्या मिनिटापासून शेवटापर्यंत गप्प बसलेले. दुसरे सदू ठोंबरे त्याच मीटिंगच्या बाहेर ताटकळलेले, तीनदा आत यायला गेले आणि तिन्ही वेळा परतवून लावलेले. हे दुसरे सदू ठोंबरे आत्ता, शनिवारी दुपारी सव्वा वाजता, कंपनीच्या रिसेप्शनमधल्या टेबलावर हात आपटत उभे होते.

"मी सदू हाय! लोधिवलीचा सदू ठोंबरे, तीन टेंपोंचा मालक! मग तो आत बसलेला कोन व्हता? सांग ना हर्षला, कोनाला घेतलंस माज्या नावानं आत?"

नेमकी तेवढ्यात सुरभी डबा घेऊन दारातून आत आली. आत्या सकाळी डबा ओट्यावरच विसरून गेली होती. दिवाळीची सुट्टी, दहावीचं वर्ष, घरी अभ्यासाचा डोंगर. डबा पोचवायला सुरभी उडी मारून तयार झाली होती. सकाळपासून ती मैत्रिणीवर फुगलेलीच होती. मेहनाजला अकरा वाजता विज्ञानाच्या प्रकल्पाचे फोटो मागितले, तर बयेचं उत्तर आलं पावणेएकला! 'सॉरी गं, फोन आत्ता हातात आला.' पण सदूकाकांचा आवाज ऐकला आणि सुरभीचा सगळा फुगा फुटला. ती डब्यासकट तिथेच खांबाला टेकून उभी राहिली.

हर्षलाआत्याचं काम तिला पाठ होतं. कंपनीच्या मीटिंगला बाहेरची माणसं यायची असली की त्यांना आत आणायचं. लिंक पाठवायची, फोन करून 'कॅमेरा इथे, माईक इथे' समजवायचं. बाहेरच्या पाहुण्याने लिंक दाबून स्वतःचं नाव टाइप केलं की तो आधी लॉबीत थांबतो, म्हणजे दाराबाहेरच्या बाकड्यावर बसल्यासारखा. आत्याच्या पडद्यावर त्याचं नाव येतं. आत्याने बटण दाबलं की पाहुणा आत.

"मी नाव बघूनच घेतलं," आत्या म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सदू ठोंबरे, लोधिवली, असंच लिहिलं होतं. मग पाऊण तासाने त्याच नावाचा अजून एक आला. मला वाटलं तुमचाच फोन अडकलाय आणि तुम्ही परत परत येताय. आत तर तुम्ही दिसत होतात! म्हणून नको म्हटलं."

"तीनदा?"

"तीनदा."

"आन मी तुला सात फोन केले!"

"फोन सायलेंटवर होता, काका. मीटिंग चालू होती ना."

"आन हे बघ!" सदूकाकांनी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. मीटिंगमध्ये काय ठरलं ते पुरवठादारांच्या ग्रुपवर साडेबाराला आलं होतं. "पहाटे चार वाजता माल भरायला टेंपो लावणे. सदू ठोंबरे, मान्य! कुनी मान्य केलं? माज्या ड्रायव्हरांना मी रात्री दोनला उठवू?"

मागचं दार उघडलं. मॅनेजर चित्रे मॅडम बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हर्षला, तुला कायम करण्याचं पत्र माझ्या टेबलावर सहीला पडलंय, माहीत आहे ना?" त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "आपल्या मीटिंगमध्ये कुणीतरी खोट्या नावाने तासभर बसलं, आणि खरा माणूस आपण हाकलला. चार वाजता मी सगळ्यांना परत बोलावते. तोवर तो कोण होता ते कळायला हवं. नाही कळलं, तर त्या पत्रावर मी सही कशी करू?"

आत्याने नुसती मान खाली घातली.

बोललं दुसरंच कुणीतरी. "मी शोधते!"

सगळ्यांनी वळून खांबाकडे पाहिलं.

२. शेवटपर्यंत बसलेला पाहुणा

गेल्या महिन्यात सुरभीने सगळ्या शाळेसमोर माईक धरून भाषण केलं होतं, एक शब्द न अडखळता. तेव्हापासून तिची भीडच चेपली होती. तरी मॅडमनी "ही कोण?" विचारल्यावर तिचे कान तापलेच.

"माझी भाची," आत्या पुटपुटली.

"कंप्युटरवाला मुलगा सोमवारपर्यंत मुंबईला आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि तो असता तरी बाहेरच्या पाहुण्याचं नाव सोडून काही कळत नाही म्हणतो. बघू दे हिला. चार वाजेपर्यंत."

आत्याच्या टेबलाशी बसून सुरभीने डबा उघडला आणि आत्याच्या हातात भाकरी कोंबली. "तू खा आणि बोल. लिंक कुणाकुणाकडे होती?"

"बाहेरच्या तिघांकडे. टेंपोवाले सदूकाका. कॅन्टीन चालवणाऱ्या गौराबाई. आणि कुंभिवलीचे याकूब मुकादम, ते लाकडी पॅलेट बनवून देतात. आपल्या खोक्यांच्या थप्प्या ज्यावर रचतात ना, ते."

"आणि आतल्यांपैकी?"

"मॅडम, मी आणि खरेदीचा देवेश."

"खोटा सदू कधी आला?"

आत्याने हजेरीची यादी उघडली. मीटिंग संपल्यावर कंप्युटर ती आपोआप बनवतो. कोण कधी आलं, कधी गेलं, मिनिटासकट.

"दहा अठ्ठेचाळीस."

"मीटिंग किती वाजता होती?"

"अकरा."

"बारा मिनिटं आधी!" सुरभीने वहीत लिहिलं. "सदूकाका कधी लवकर येतात का गं?"

"छे! गेल्या महिन्यात वीस मिनिटं उशिरा आले. मॅडमनी तेव्हाच सांगितलं, पुढच्या वेळी उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाही."

"आला तेव्हा काही बोलला?"

आत्या घास धरून थांबली. "बोलला नाही. पण माईक चालू होता, दोन-चार सेकंद. ठक् ठक् ठक् असा आवाज आला. मग बंद झाला. कॅमेरा तर लावलाच नाही."

सुरभीचं बोट यादीवरून सरकत होतं. चित्रे मॅडम, अकरा बावन्नला बाहेर. देवेश, अकरा बावन्न. गौराबाई, अकरा बावन्न. याकूब मुकादम, अकरा त्रेपन्न.

सदू ठोंबरे, बारा चाळीस.

"आत्या," ती एकदम उभीच राहिली, "मीटिंग बावन्नला संपली ना?"

"हो. मीही निघाले. खोली बंद करायचं बटण वेगळं असतं, ते दाबायचं राहिलं."

"मग हा माणूस रिकाम्या मीटिंगमध्ये पाऊण तास एकटा बसून काय करत होता?"

३. मान्य कुणी म्हटलं

देवेशच्या टेबलावर एक लॅपटॉप, एक कंपनीचा मोबाइल, एक स्वतःचा मोबाइल. तीन यंत्रं! सुरभीने दारातूनच मोजली आणि तिच्या अंगात मुंग्या धावल्या. पहाटे चारला टेंपो हवा होता तो देवेशलाच. खोट्या सदूच्या 'मान्य'ने फायदा झाला तोही त्याचाच.

"मीटिंगचं रेकॉर्डिंग दाखवता, देवेशदादा?"

"बघ की." त्याने लॅपटॉप वळवला. "काही लपवलेलं नाही."

अकरा एकतीस. पडद्यावर देवेशचा स्वतःचाच चेहरा, मुंडी खाली, कागद वाचत. 'तर सदूभाऊ, पहाटे चारला गाडी लागली की नवी मुंबईत सातला माल. मान्य?'

सदू ठोंबरे लिहिलेला काळा चौकोन गप्प.

'सदूभाऊ? मान्य ना?'

गप्प.

'चला. मान्य. पुढचा विषय.'

सुरभीने तो तुकडा तीनदा चालवला. तिसऱ्या वेळी तिला हसूच फुटलं.

"काय झालं?" देवेश सावध झाला.

"दादा, 'मान्य' तुम्हीच म्हणालात की! तो तर एक शब्दही बोलला नाही."

"मग नाही तरी कुठे म्हणाला? नको असेल तर माणूस ओरडतो. सदूभाऊ तर आधीच ओरडतात." देवेशचे गाल लाल झाले होते. "हे बघ, माझ्या मोबाइलवरून मी कुणाला आत घातलेलं नाही. मला कशाला घालायचंय? खरा सदू आला असता तर मी अर्ध्या तासात पटवला असता."

हे मात्र खरं वाटत होतं. देवेशला आपल्या बोलण्यावर फार भरवसा होता, हे आख्ख्या कंपनीला ठाऊक. शिवाय त्याची तिन्ही यंत्रं सकाळपासून इथे, काचेच्या खोलीत, मॅडमच्या नजरेसमोर होती. इथे ठक् ठक् कशाचं होणार?

पण एक गोष्ट सुरभीच्या डोक्यात पक्की झाली. खोटा सदू काही बोलायला आलाच नव्हता.

मग तो आला कशाला?

४. कॅन्टीनमधली ठक्-ठक्

ठक् ठक् ठक्!

सुरभी कॅन्टीनच्या दारातच थबकली. आत ओट्याशी गौराबाई लाकडी फळीवर दुधी तोडत होत्या, आणि प्रत्येक घावाला अख्खा ओटा दणाणत होता.

"गौराकाकू, मीटिंगमध्ये तुम्ही कुठून बसला होतात?"

"हितूनच. हर्षलानं माजा फोन त्या मिठाच्या बरनीला टेकवून दिला आन म्हनली, हात लावू नका. मी कशाला लावू?"

"दुसरा फोन आहे तुमच्याकडे?"

गौराबाईंनी सुरी खाली ठेवली आणि पोट धरून हसल्या. "ह्योच मला संभाळता येत नाय! परवा पिठाच्या डब्यात गेला, दोन दिस पिठातून वाजत व्हता. दुसरा कुठून आनू?"

"आणि दहा अठ्ठेचाळीसला काय तोडत होतात?"

"तवा? तवा कायबी नाय. भाजीवाला साडेअकराला आला आज. सकाळी नुसतं पोहं."

सुरभीच्या वहीतल्या गौराबाईंच्या नावावर काट मारली गेली. थोडी हळहळतच, ठक्-ठक् इतकी झकास जुळत होती!

"कुनीतरी सदूचं वाईट करायला बसलं म्हनतात," गौराबाई म्हणाल्या. "सदू माजा मावसभाव. तो आत्ताच येऊन बोलून गेला, ह्ये याकूबचंच काम."

"याकूबचाचा? का?"

"अगं, सात महिनं झालं, दोगं बोलत नायत. सदूच्या टेंपोनं मागं घेताना याकूबच्या नव्या भिंतीला धडक दिली. सदू म्हनतो, भिंत रस्त्यात आली. याकूब म्हनतो, आदी माफी माग. बस. त्यावरनं तोंड फिरवून बसल्यात दोगं म्हातारं." त्यांनी दुधीचा तुकडा सुरभीच्या हातावर ठेवला, खायला नव्हे, असाच. "आन लहानपनी? दोगांची गट्टी नुसती. खोपोलीच्या शाळेला आमी यष्टीनं जायचो. सदूला रोज उशीर. याकूब आदी गर्दीत घुसायचा, खिडकीतनं रुमाल टाकायचा, दोन जागा! एकीवर स्वता बसायचा, दुसरीवर रुमाल. कुनी मोठा मानूस आला तरी उठवू द्यायचा नाय. 'आमचा मानूस येतोय,' बस. मग सदू धावत यायचा, चालत्या गाडीला लटकत."

सुरभी ऐकत होती, हातातला दुधी फिरवत. मग विचारायची राहिलेली गोष्ट तिला आठवली.

"सदूकाका! आज उशीर का झाला तुम्हाला?" ती धावत रिसेप्शनमध्ये परत आली तेव्हा काका वॉचमन लडकूला तीच कथा चौथ्यांदा सांगत होते.

"पंक्चर! साडेधाला, कुंभिवली फाट्यावर. स्टेपनी पन बसलेली. रस्त्यात उबा व्हतो तासभर."

"कुणाला फोन करून सांगितलंत, उशीर होतोय म्हणून?"

"कुनालाच नाय. हात काळं झालेलं, फोन कशानं लावू?"

"समोर काय आहे तिथे?"

सदूकाकांचा चेहरा हळूहळू बदलला. डोळे बारीक झाले.

"याकूबचा कारखाना," ते म्हणाले. "म्हनजे बगत व्हता तो! मी अडकलो ते बगत व्हता, आन मग माज्या नावानं... थांब, आत्ताच जातो आन..."

"काका, पाया पडते, जाऊ नका!" सुरभीने त्यांच्या बाहीलाच धरलं. "लडकूमामा, यांना चहा पाजा. मी येईपर्यंत फाटक उघडू नका!"

५. कुंभिवली फाटा

शेअर रिक्षात सुरभी दोन बायका आणि एका भल्यामोठ्या फुलकोबीच्या पिशवीच्या मधोमध दाबून बसली होती, पण तिचं डोकं मात्र सुसाट सुटलं होतं.

खोटा सदू बनायचं तर आधी एक गोष्ट माहीत हवी. खरा सदू वेळेवर येणार नाही. नाहीतर अकरा वाजता दोन्ही सदू एकदमच उगवले असते आणि खोटा पकडला गेला असता. काकांनी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिलं तोच.

याकूबचाचा. पण ते तर स्वतः कॅमेरा लावून मीटिंगमध्ये बसले होते! म्हणजे दुसरा फोन लागणार. कुणाचा?

रिक्षाने खड्ड्यात गचका खाल्ला आणि उत्तर सुरभीच्या डोक्यात धाडकन आदळलं. तिने मोबाइल काढला. मेहनाजचा मेसेज. 'सॉरी गं, फोन आत्ता हातात आला.' बारा बेचाळीस.

खोटा सदू बारा चाळीसला बाहेर पडला होता.

मेहनाज म्हणजे मेहनाज मुकादम. याकूबचाचांची मुलगी!

"अगं बाई, किती उड्या मारतेस!" शेजारची बाई ओरडली. "फुलकोबीचा चुरा होईल!"

पॅलेटच्या कारखान्यात दोन कामगार फळ्यांवर खिळे ठोकत होते. तीन ठोके आणि थांबा, तीन ठोके आणि थांबा. याकूबचाचा खुर्चीत बसून लाकडाची यादी तपासत होते. पांढरी दाढी, पायाशी भुशाचा ढीग. सुरभीला पाहून त्यांनी आत हाक दिली, "मेहनाज, तुजी सुरभी आली गं!"

"चाचा, मी तुमच्याकडे आलेय."

ती बोलत गेली, एका दमात. बारा मिनिटं आधी. ठक् ठक् ठक्. पंक्चर. बारा चाळीस. चाचांनी यादीवरून नजर उचलली नाही, पण पेन्सिल थांबली होती.

"सदूकाका म्हणतात, तुम्ही त्यांचं वाईट करायला बसलात."

"म्हनू दे."

"पण मला नाही तसं वाटत." सुरभीने श्वास घेतला. "ज्याला चोरून ऐकायचंय तो मीटिंग संपली की पळेल. हा पाऊण तास रिकाम्या खोलीत बसून राहिला. ज्याला वाईट करायचंय तो काहीतरी बोलेल. हा एक शब्द बोलला नाही. म्हणजे त्या फोनमागे कुणी माणूसच नव्हता! नुसता ठेवून दिलेला. एसटीतल्या जागेवर रुमाल टाकतात तसा. तुम्ही सदूकाकांची जागा धरलीत, चाचा."

खिळे ठोकणं थांबलं. कामगारही ऐकत होते.

चाचांनी पेन्सिल कानावर खोचली. ते रस्त्याकडे, फाट्याकडे पाहू लागले.

"चाक बदलत बसला व्हता गाढव," ते म्हणाले. "एकदा माज्याकडं बगितलं, मान फिरवली. मग मी पन फिरवली. आन आठवलं, मॅडम म्हनली व्हती, उशीर झाला की आत घेनार नाय. त्याचं काम गेलं असतं. मेहनाजचा फोन घेतला, त्याचं नाव टाकलं, त्या खिडकीत ठेवला. मला वाटलं, सदू आला की त्याच जागेवर बसंल. मग नाव तर दिसतच व्हतं, म्हनून मी समजलो बसला म्हनून. देवेश विचारतोय आन ह्यो बोलत नाय, तर मला वाटलं, मी हाय म्हनून घुश्शात गप्प बसलाय!"

सुरभी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मग हे चार वाजता सांगाल ना? नाहीतर आत्याचं कायम होण्याचं पत्र थांबेल."

चाचांचा चेहरा उतरला.

"दुसऱ्याच्या नावानं घुसलो, असंच लिहितील ते. माजं पॅलेटचं काम गेलं तर ह्या दोन पोरांनी कुठं जायचं? आन सदूसमोर सांगू, तुज्यासाठी केलं म्हनून?" त्यांनी मान हलवली. "नाय जमनार, बाळा. तुला कळलं, तू सांग. मी नाय म्हननार नाय. पन माज्या तोंडानं नाय."

आतून मेहनाज धावत बाहेर आली तेव्हा सुरभी रस्त्यावर पोचलीसुद्धा होती. तीन वाजून वीस मिनिटं.

६. चार वाजता

मीटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्यावर एकच बाहेरचा चौकोन होता. याकूब मुकादम, कुंभिवली. बाकी सगळे समोर खुर्च्यांवर. मॅडम, देवेश, गौराबाई, चहाचे तीन कप रिचवलेले सदूकाका. आत्या दाराशी उभी, बसायचं सुचलं नव्हतं.

"बोल," मॅडम म्हणाल्या.

सुरभीने वही उघडली. तिने सगळं सांगितलं. लवकर येणं, गप्प राहणं, रिकाम्या खोलीतला पाऊण तास, पंक्चर. "म्हणजे तो चोर नव्हता. कुणीतरी सदूकाकांचं काम जाऊ नये म्हणून त्यांची जागा धरली. त्यांनी काही ऐकलं नाही, काही मान्य केलं नाही. मान्य हा शब्द रेकॉर्डिंगमध्ये फक्त देवेशदादांच्या तोंडचा आहे."

देवेशने खोकल्याचं नाटक केलं.

"हे पटतंय," मॅडम म्हणाल्या. "पण नाव?"

"नाव मी नाही सांगणार."

मॅडम पुढे झुकल्या.

"माहीत आहे?"

"हो. पण त्यांनी चांगल्यासाठी केलं, आणि सांगितलं तर त्यांचंच नुकसान होईल. ते त्यांनीच सांगायला हवं."

"सुरभी," मॅडमचा आवाज खाली आला, "नावाशिवाय ही नुसती गोष्ट झाली. मी वर काय कळवू? तुझ्या आत्याचं पत्र..."

सुरभीने आत्याकडे पाहिलं. वाटलं, आत्ता ती मान डोलावेल, सांगून टाक म्हणेल. आत्याने ओठ घट्ट मिटले आणि नकारार्थी मान हलवली, सांगू नकोस.

"मॅडम," आत्या म्हणाली, "चूक माझीही आहे. त्याच नावाचा दुसरा माणूस आला तेव्हा एक फोन करून विचारायला हवं होतं. तीनदा हाकलण्याआधी एक फोन. ते माझंच काम होतं."

आणि पडद्यातून आवाज आला.

ठक् ठक् ठक्.

आत्याने दचकून वर पाहिलं. याकूबचाचांचा माईक चालू झाला होता.

"थांबा रं जरा!" त्यांनी मागे वळून कामगारांना दटावलं. मग कॅमेऱ्याच्या फार जवळ आले. पडद्यावर नुसतं नाक आणि दाढी. "मॅडम, तो मी व्हतो. मेहनाजच्या फोनवरनं. पोरीनं बरोबर सांगितलंय सगळं. हर्षलाचा काय दोष नाय."

सदूकाका खुर्चीतून उठले. सुरभीला वाटलं आता ते पडद्यावरच धावून जाणार.

"तू?" ते म्हणाले. "माजी जागा धरलीस?"

"मग कोन धरनार?"

"अरं मग तोंडानं सांगायचं व्हतं की! हाक मारायची! समोर चाक बदलत व्हतो, लेका, वीस पावलांवर!"

"तू बोलत नव्हतास!"

"तू बोलत नव्हतास!"

"भिंत कुनी पाडली?"

"आदी भिंत कुनी रस्त्यात आनली?"

"पुरे!" मॅडमनी टेबलावर पेन आपटलं. पण त्यांच्या ओठांचे कोपरे वर गेलेले सुरभीने पाहिले. "याकूबभाई, पुन्हा कुणाच्या नावाने यायचं नाही. उशीर होणार असेल तर हर्षलाला फोन करायचा, ती मला सांगेल, आम्ही थांबू. उशिरा येणाऱ्याला आत न घेण्याचा नियम माझा होता, तो मी मागे घेते. सदूभाऊ, पहाटे चार. तुमचं काय म्हणणं? तुमच्या तोंडून."

"अमान्य! सहाच्या आत एक टेंपो हालनार नाय."

"देवेश, लिही. सदू ठोंबरे, अमान्य. सहावर सोमवारी बोलू." मग त्यांनी फाइलमधून एक कागद ओढला. वाचायला थोडाच वेळ घेतला, पण सुरभीला तो तासभर वाटला. "हर्षला, फोन न करण्याची चूक आहेच, ती लक्षात ठेव. पण स्वतःचं पत्र समोर पडलेलं असताना ती कबूल केलीस." त्यांनी सही केली.

आत्याने कागद दोन्ही हातांत धरला, वाचला नाही, आणि सुरभीला अशी मिठी मारली की तिची वही चेंगरली. गौराबाईंनी सर्वांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने नाक शिंकरलं.

अर्ध्या तासाने लडकू वॉचमन घाबराघुबरा धावत आला.

"मॅडम, चला लवकर! याकूबभाई रिक्षानं आलाय, आन सदूभाऊ न त्यो फाटकात भांडत्यात! भिंत, टेंपो, शाळंतली पाटी, कायकाय काडलंय! जाम आरडाओरडा! सोडवू का?"

मॅडम उठायला लागल्या, पण गौराबाईंनी त्यांचा हात धरून परत खाली बसवलं.

"बसा तुमी. सात महिन्यांचं साचलंय, येवड्यात संपतंय व्हय?" त्या पदर खोचत दाराकडे निघाल्या. "सुरभे, चल गं. दोन कप चहा घेऊ. घसा सुकला तर भांडन अर्ध्यात थांबंल त्यांचं."

सुरभी त्यांच्याही पुढे पळत सुटली होती.